हळदीचा कागद

पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये देशिंगकर सरांनी
चहाचा कप पुढे सरकवत विचारलं होतं,
"माने म्हणजे कुठले माने? म्हसवडचे का?"
मी म्हटलं, "मिरजेचे,"
आणि हसले.
त्या हसण्याला आता सोळा वर्षं झाली.
झिजलंय, पण बदलून मिळत नाही.

गेल्या शनिवारी सेमिनार हॉलमध्ये कार्यशाळा,
प्राध्यापकांसाठी भावनांचं व्यवस्थापन.
पुण्याहून आलेल्या बाई म्हणाल्या,
राग आला की दहापर्यंत आकडे मोजा.
मी कुठवर आलेय ते सांगितलं नाही.
घोरपडे मॅडम पुढच्या रांगेत मान डोलावत होत्या.
त्यांना बहुधा तीनपर्यंतच जावं लागतं,
तेही उन्हाळ्यात, वीज गेल्यावर.

मग फॉर्म वाटले.
तुमची प्रेरणा, एक ते दहा. योग्य आकड्याला गोल करा.

मीटिंगमध्ये माझंच वाक्य
दोन मिनिटांनी दुसऱ्याच्या तोंडून निघतं
आणि इतिवृत्तात जातं.
"तुमची निवड त्या जागेतून ना?"
कुणीतरी अगदी मायेनं विचारतं.
मी आवाज खाली ठेवते. भुवया जागेवर.
हात टेबलावर, सगळ्यांना दिसतील असे.
गिळायला काही पैसे पडत नाहीत, म्हणतात.
पडतात.
रात्री दहानंतर हिशेब लागतो,
तिसऱ्या परिच्छेदात अडकलेला शोधनिबंध,
लुकलुकणारा कर्सर,
आणि मी सिंकमधली भांडी पुन्हा एकदा घासतेय.

आई टोपली विणताना
निरगुडीचा फोक दातात धरायची.
मला वाटायचं रागावलीय, म्हणून बोलत नाही.
पुष्कळ उशिरा कळलं,
तिचे दोन्ही हात गुंतलेले असायचे.
हे मी कार्यशाळेत सांगणार होते.
पण वेळ संपली, आणि वडे आले.

सोमवारी प्रॅक्टिकल. फिनॉल्फ्थॅलिन संपलेलं,
मागणीपत्र जूनपासून ऑफिसात.
सांगलीत राहून रंगासाठी अडायचं म्हणजे कमालच!
मार्केट यार्डातून हळकुंडं आणली, कुटली,
स्पिरिटात भिजवली,
गाळणकागदाच्या पट्ट्या रंगवून दोरीवर वाळत घातल्या.
मुलांना म्हटलं, लिंबू पिळा, व्हिनेगर ओता,
ही पिवळीच राहील.
आम्लाचं ती काही दाखवत नाही.
आम्लारी लागू दे, चुन्याची निवळी, साधा साबण,
मग बघा.

सगळे गेले. संगाप्पा नंदीवाले मागे राहिला.
जतहून येतो. ब्युरेट तीनदा धुतो,
सांगावं लागत नाही.
पाठ माझ्याकडे ठेवून, स्टँडचा स्क्रू फिरवत म्हणाला,
"मॅडम, माने म्हणजे कुठले?"

तेच शब्द.
ओठांवर ते जुनं हसू आलंही होतं.
पण स्क्रू केव्हाच घट्ट झाला होता
आणि तो अजून फिरवतच होता.

"कैकाडी," मी म्हटलं. "मिरजेत, रुळांच्या पलीकडं."
या प्रयोगशाळेत तो शब्द
माझ्या आवाजात कधी निघाला नव्हता.
जरा मोठाच निघाला.

तो वळला नाही. "वाटलंच मला," म्हणाला,
"हजेरी घेताना माझ्या आडनावापाशी
तुम्ही थांबत नाही."
आणि वहीत रीडिंग लिहायला लागला.

मी बेसिनपाशी गेले. नळ सोडला, साबण घेतला.
सकाळपासून बोटांना बसलेली हळद
लाल झाली,
पार नखांच्या आतपर्यंत.
किती वेळ नळ चालू होता कोण जाणे.

फॉर्म पर्समध्येच आहे, मुदत काल संपली.
कुठल्याच आकड्याला गोल नाही.
कोपऱ्यात संगाप्पाचं रीडिंग लिहिलंय, चोवीस पूर्णांक तीन,
तपासायचं होतं, दुसरा कागद हाताशी नव्हता.
काल रात्री तिसरा परिच्छेद
दोन ओळी पुढे सरकला.
दोनच.
फिनॉल्फ्थॅलिन अजून आलेलं नाही.